राहून गेलेलं राखेचं पाणी

मी बाजाबुलिले म्चुनु, वय सत्तर, धंदा गाण्याचा, जन्म म्सिंगाचा, राहणार डर्बनजवळ उमलाझी, गुडघे सोडले तर बाकी सगळं शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या अक्षरात हे लिहून ठेवते. याआधी रागाच्या भरात केलेली दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. उमलाझीचं घर मुलगा भेकी याचं. तो जोहान्सबर्गहून फोन करून "आई, जेवलीस का?" एवढंच विचारतो, पण विचारतो. मागच्या खोलीची भिंत त्याने पाडू नये. तिला टेकून मी चाळीस गाणी बसवली.

२. आजीचं एका तारेचं, भोपळा लावलेलं धनुष्य नात नोलवाझीला. मुलींनी तेच वाजवावं, गिटार पुरुषांची, अशी आमच्याकडे रीत होती. मी तेलाच्या डब्याला फळी ठोकून तारा लावल्या आणि पाण्याला जाताना वाटेने वाजवत सुटले. हिला आता कोण करून घेणार, म्हणून वडिलांनी कपाळावर हात मारला. नवरा गिटार ऐकूनच आला आणि पुढे गिटारीलाच कंटाळून गेला. लग्नाची लाल टोपी मात्र माझ्याबरोबर पुरावी, ती मला शोभते.

३. माझी खरी गिटार थोलाकेले न्गुबाने हिला. याचं कारण लिहिणं भाग आहे.

थोलाकेले माझ्या समोरच्या टेकडीवरची. दोघी मिळून डर्बनला आलो, लोकांची धुणीभांडी केली आणि रविवारी कामगारांच्या वसतिगृहाबाहेर गायलो. गडी इस्त्रीच्या विजारी घालून यायचे आणि धुळीत पाय आपटत नाचायचे. भाजलेलं एक कणीस आम्ही मोडून खायचो, मोठा तुकडा तिला, कारण उंच सूर तिचा होता. लोक ज्या आरोळीवरून मला ओळखतात, ती आरोळी तिची आहे. रेकॉर्डवर नाव माझं एकटीचं आलं आणि मी गप्प बसले.

आमच्या गाण्यात मध्येच, तारा चालू ठेवून, एका दमात बिरुदं म्हणायची असतात. मी कोणाची लेक, कुठल्या नदीचं पाणी प्यायले, सोबतीला कोण, तोंडाला येईल ते. एकदा म्हटलं की ते माणसाला नावासारखं चिकटतं. १९७९ साली रेकॉर्डिंगच्या वेळी थोलाकेलेच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. मी म्हणून गेले, "माझ्या शेजारी थोलाकेले, हिची पाठ मोकळी, म्हणून हिचा गळा मोकळा." पाठीवर बांधायला पोर नाही, असा त्याचा सरळ अर्थ. रेकॉर्डवाला हसला, म्हणाला राहू दे. मीही हसले. रेडिओने वर्षभर वाजवलं. नळावर, बसमध्ये पोरंसोरं तिला "मोकळी पाठ" म्हणू लागली. नवऱ्याने दुसरी केली, आणि ही म्सिंगाला माहेरी गेली.

असं वैर मिटवायचं तर दुखावणाऱ्याने दुसऱ्याच्या दारात जायचं. परातीत पाणी, त्यात राख. दोघांनी पोटातलं सगळं बोलायचं, घोट तोंडात घेऊन थुंकायचा, एकत्र हात धुवायचे. तोवर एकमेकांच्या घरचं अन्न वर्ज्य. सदतीस वर्षं मी गेले नाही. आधी नावाचा माज होता, मग लाज वाटली, आता पाय राहिले नाहीत. मेलेल्या माणसाबरोबर हे पाणी होत नाही. मला मरणाची भीती नाही, हे पोटात घेऊन जाण्याची आहे.

४. माझ्या मयताची गाय कापण्याआधी थोलाकेलेला बोलवावं. आली तर तिच्यापुढे कोणी बसू नये. रेकॉर्डवाल्याच्या घरचं कोणी आलं तर आंबील द्यावी, मांस देऊ नये.

पुरवणी. वरचं लिहून झालं आणि शेजारीण माम्खिझे हिने मला न विचारता म्सिंगाला निरोप धाडला. काल, गुरुवारी, थोलाकेले टॅक्सीने आली. हातात पत्र्याचा डबा.

"म्हातारी झालीस गं," दारातूनच म्हणाली.

मी म्हटलं, "मीच यायला हवं होतं."

"तुझी वाट बघत बसले असते तर दोघीही गेलो असतो. ही माझ्या चुलीतली राख. ही परातीत पडली की तू माझ्याच दारात आलीस असं धरायचं. आता बोल."

मी बोलले. आरोळीचंही बोलले. मग ती बोलली, दुपार सरेपर्यंत, आणि त्यातलं एकही वाक्य मी इथे लिहिणार नाही. हात धुतल्यावर तिने माझ्या ताटातला घेवडा आणि मक्याच्या कण्या खाल्ल्या, वर मीठ कमी आहे म्हणून नावंही ठेवली.

आज गुमेडे वकील सह्यांना आले, तर ही म्हणाली साक्षीदार मी. वकिलांनी बजावलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काहीच मिळत नाही, गिटार हातची जाईल. ती म्हणाली, "गिटार घेऊन माफ केलं असं उद्या कोणी म्हणायला नको. द्या ते पेन."

म्हणून गिटारही नोलवाझीला. कलम तीनमधलं कारण मात्र कोणी खोडू नये.

साक्षीदाराचं पूर्ण नाव हवं, असं वकील म्हणाले. ते मी एका दमात सांगितलं. इतकी जागा कागदावर नाही, म्हणून ते कुरकुरले, पण त्यांनी लिहिलं.

उमलाझी, शुक्रवार, १२ ऑगस्ट २०१६
सही: बाजाबुलिले म्चुनु

साक्षीदार पहिली: माम्खिझे, शेजारीण.

साक्षीदार दुसरी: थोलाकेले, न्गुबान्यांची लेक, थुकेला नदीचं पाणी प्यालेली, जिने हाक मारली तर पलीकडच्या टेकडीवरची गुरं माना वर करतात, बाजाबुलिलेच्या गाण्यातली आरोळी जिची, ती.