पासवर्डातली योगेश्वरी

४ फेब्रुवारी
झाशी आवडली. इलाइट चौराहा जवळ, वरचा मजला, ऊन भरपूर, मागं गच्ची आणि तिला खालून वेगळा जिना. खाली घरमालक जनार्दनकाका एकटेच राहतात. पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी. मराठी माणूस भेटला की आडनाव, गोत्र, कुलदैवत ओघानं आलंच. आमची योगेश्वरी, लग्न अठरा सालचं, सगळं सांगून टाकलं. इतकी आपुलकीची चौकशी सासरीही झाली नव्हती. सारखी सुपारी चघळतात, ओठांच्या कडेला लाळ असते, पण माणूस गोड.

मुकुल कारखान्यात रुजू झाला. मी घरून काम करते, म्हणून तन्वीच्या पलंगासमोर वायफायचा कॅमेरा लावला. दीड वर्षाची पोर. दुसऱ्या खोलीतून दिसते, आणि मी फोनवर बोलले की कॅमेऱ्यातून तिला ऐकू जातं. वायफायचा, कॅमेऱ्याचा, दोन्हीचा पासवर्ड नेहमीचाच, योगेश्वरी आणि लग्नाचं साल. विसरायची भीती नाही.

९ फेब्रुवारी
दुपारी तन्वीच्या खोलीत गेले तर कॅमेऱ्यातून आवाज येत होता. तोंडात ओलं काहीतरी घोळवल्याचा, मग चोखल्याचा. मुकुल म्हणतो, नेटवर्कची खरखर असेल. खरखरीला लाळ सुटत नाही.

११ फेब्रुवारी
काका जिन्यात भेटले. म्हणाले, "बेटा, मुन्नी पालथी झोपते दुपारी. कूस बदलवत जा."
यांना कसं दिसलं? बोलताना चघळत होते. तोच आवाज.
योगेश्वरी. साल. माझ्याच तोंडून ऐकलेलं.
शी. पासवर्ड बदलला, वाटेल ती अक्षरं टाकून. राउटरचाही. कॅमेरा काढून कपाटात टाकला. आता बघा म्हणावं.

१३ फेब्रुवारी
काकांनी विचारलं, वायफाय का बदललं जी, आता मुन्नीला कसं बघू. अगदी चहा मागावा तसं. त्यांनी हात लावलेला कठडा मी साबणानं धुतला. मुकुल त्यांच्यावर चिडलाय. रविवारी घर सोडतोय. तोवर दाराला आतून कडी.

१४ फेब्रुवारी, दुपार
तन्वी काहीतरी चघळतेय. आमच्या घरात सुपारी नसते —
तोंडात बोट घातलं. ओली. आधीच कुणीतरी चावून मऊ केलेली — शी — शी —
कडी तशीच आहे. गच्चीचं दार. गच्चीच्या दाराचं लक्षातच —
मुकुलला मेसेज टाकलाय. तिला कडेवर घेतलंय, एका हातानं फोनवर लिहितेय, आवाज नको म्हणून —
ती पलंगाखाली बघून हसतेय. तोंड उघडून दाखवतेय, अजून हवं म्हणून. आणि खालून एक हात —