प्रॉसरसाठी नदीकाठचे घर

मी, ऑब्री थॉरोल्ड, वय एक्याऐंशी, निवृत्त मेजर, नंतर एकोणीस वर्षे खासदार, राहणार क्लन, श्रॉपशर, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल पुतणीला शंका असल्यास तिने डॉक्टरांना विचारावे.

१. राहते घर त्याच पुतणीला, सिबिलला. कुत्राही तिलाच. दोन्ही वेगवेगळे मिळणार नाहीत.

२. तलवार पलटणीला. तिने केकखेरीज काही कापलेले नाही. वाळवंटात मी शौर्य गाजवले, असे निवडणुकीच्या पत्रकात छापले होते. खरे तर मी रस्ता चुकून शत्रूच्या पिछाडीला पोहोचलो. त्याचे पदक मिळाले आणि पदकामुळे तिकीट. देवाची करणी आणि नारळात पाणी!

३. माझे तैलचित्र पक्षकार्यालयाला. नको म्हणून त्यांनी दोनदा कळवले आहे, म्हणूनच.

४. नदीकाठचे छोटे घर, मासे धरण्याच्या हक्कासह, एमलिन प्रॉसर यांना. हे वेल्सचे खाणकामगार, विरोधी बाकावरचे खासदार. आमच्या सभागृहात रीत आहे: एकाला जाणे भाग असेल, तर समोरच्या पक्षाचा त्याचा जोडीदारही मत देत नाही. सगळा शब्दाचा व्यवहार. १९५८ साली खाणकामगारांच्या छातीच्या आजाराच्या भरपाईचे विधेयक आले, तेव्हा एमलिनची बायको नेस्टा शेवटच्या घटका मोजत होती. मी म्हणालो, "तू जा. मी जागचा हलत नाही." दुपारी आमचा प्रतोद आला. "मेजर, हुकूम आहे." जन्मभर हुकूम पाळलेला माणूस मी, उठलो आणि विरोधात मत दिले. विधेयक एका मताने पडले.

वर्तमानपत्रांना मी सांगितले की असा काही शब्द दिलाच नव्हता. एमलिनच्या गावाने त्याला पळपुटा ठरवले. शब्द मी दिला होता, तो मोडला आणि वर खोटे बोललो. मला त्याची लाज वाटते. एकोणतीस वर्षे तो माझ्याशी बोललेला नाही. त्याने घर घेतले, तर माफ केले असे मी समजेन.

५. अंत्यविधीला बिगूल नको. वाजवणारा हमखास बेसूर असतो.

वकिलाची नोंद: श्री. प्रॉसर निरोपावरून सहीच्या वेळी आले. कलम चार त्यांनी दोनदा वाचले आणि म्हणाले, "दुसरा साक्षीदार मी."

मी बजावले, "साहेब, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. घर हातचं जाईल."

"जाऊ दे की, बाई. घर आहे मला. हे खरं मात्र आजवर कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्याच्याखाली माझं नाव पाहिजे."

मेजर म्हणाले, "म्हणजे माफी नाही?"

"आधी तुम्ही सही करा, मेजर. मग पेन इकडं द्या."

सही: ऑब्री थॉरोल्ड
साक्षीदार: १. हिल्डा ब्रॉक, शेजारीण
२. एमलिन प्रॉसर
वकील: विनिफ्रेड ओकडेन
क्लन, १४ नोव्हेंबर १९८७