नवा कॅमेरा परत कर

झोपाळूराजे,

आजच्या लग्नाला मी जुनाच कॅमेरा नेतेय. कमी उजेडात त्याचे फोटो रवाळ येतात, मान्य. तू पसंत केलेला नवा अंधारात मांजरालाही लाजवतो, पण चेहरे शोधायला भलताच हावरा आहे. काल हॉलमधले दिवे मंद झाले, तर त्याचा हिरवा चौकोन नवरीला सोडून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर!

बिघाड असेल म्हणून आत्ता पडदे ओढून तुझ्यावरच रोखला. एक चौकोन तुझ्या घोरत्या तोंडावर बसला, दुसरा तुझ्या कानाशी. हाक मारली, तर "पाच मिनिटं गं" म्हणून तू भिंतीकडे वळलास आणि तुझा चौकोन गेला. दुसरा तसाच राहिला.

चिठ्ठी उशीशी ठेवायचा धीर झाला नाही, म्हणून स्वयंपाकघरात तुझ्या चहाच्या कपाखाली ठेवलीय. मी येईपर्यंत त्या खोलीत परत जाऊ नकोस.

ताई