पूर्वेची जाळी

उचगाव,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,

शशीचा नमस्कार. दाजींना शरणार्थ सांग, यशराजला आशीर्वाद. इकडं सगळं बरं आहे. अप्पांचा गुडघा थंडीनं धरलाय, तरी रोज सकाळी म्हशीला पाणी दाखवून येतात. परवा निपाणीहून निघताना तू शेंगाचटणी दिलीस आणि ‘ही तुझ्यासाठी’ असं दोनदा बजावलंस. तरी मी ती अप्पांना वाढली. ‘शांभवीच्या हातची,’ एवढंच म्हणाले आणि आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

दहा महिने तू त्यांच्याशी बोललेली नाहीस. हे पत्र त्याबद्दल आहे. फोनवर सांगायला गेलो की तू मधेच काहीतरी विचारतेस, मी सोपं उत्तर देतो आणि निसटतो. म्हणून लिहून काढतोय.

कालपासून गुऱ्हाळ सुरू झालं.

घराची गोष्ट तुझ्यापासूनच सुरू होते. बावड्याच्या स्लॅबच्या घरात मे महिन्यात अव्वा ओलं लुगडं अंगावर घेऊन फरशीवर पडायची, आणि तू म्हणायचीस, ‘लोकांच्या घरांचे नकाशे काढतोस, आईला एक गार घर बांध की.’ बांधलं, इथं उचगावात. मातीच्या विटा, जुनी कौलं, एसीचं नाव नाही. पश्चिमेला भाजक्या मातीची जाळी, उन्हाळ्याचं वारं आत यायला; पूर्वेला तशीच जाळी, ते बाहेर जायला. काच कुठंच नाही. उकाड्याच्या दमट दिवसांत वारं अंगावरून गेलं पाहिजे, हे मी कॉलेजात पोरांना शिकवतो, तसं अव्वालाही शिकवलं. ती मन लावून ऐकायची. पहिल्या उन्हाळ्यात तिनं पंखासुद्धा लावला नाही, आणि शेजारणींना बोलावून बोलावून घर दाखवलं.

जोतं घालतानाच अप्पा म्हणाले होते, ‘दिवाळी झाली की वारं फिरतंय, बाबा. पूरवंचं येतंय. त्या अंगाला गुऱ्हाळ हाय.’ मी जागा पाहिली होती ती ऐन मे महिन्यात. गुऱ्हाळ बंद, गार चुलवाणात कुत्री झोपलेली. मी अप्पांना लॅपटॉपवर वाऱ्याचा नकाशा दाखवला, वर्षभराची सरासरी. त्यांनी चष्मा लावून तो बघितला आणि म्हणाले, ‘बरं. तू शिकलेला हाईस.’ टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटलं.

मग गेल्या वर्षीची दिवाळी झाली आणि चुलवाण पेटलं. चिपाडांचा धूर पूर्वेच्या जाळीतून सरळ अव्वाच्या खाटेवर यायचा. तिचा दमा तुला माहीत आहे.

अव्वाला माती दिली त्या दिवशी तू अप्पांना सगळ्यांसमोर विचारलंस, ‘तिला एवढी धाप लागत होती, तर आम्हाला एक फोन करायला काय झालं होतं तुम्हाला?’ अप्पा खाली बघत राहिले. मी त्यांच्या शेजारी उभा होतो, अक्का.

फोन आला होता. अव्वानंच केला होता, डिसेंबरात. ‘तेवढी जाळीला काच बसवतोस का, बाळ? धूर लई येतोय.’ मी म्हणालो, जानेवारीत वास्तुरचनेच्या बक्षिसाच्या कमिटीची माणसं घर बघायला येणार आहेत, काच लावली तर सगळंच फसतं, महिनाभर कळ काढ. ती म्हणाली, ‘व्हय व्हय, तुझं काम हू दे आधी.’ पुढच्या आठवड्यात अप्पांचा फोन आला. त्यांच्यावर मी ओरडलो. ‘प्लास्टिकबिस्टिक लावून घराचा उकिरडा करू नका,’ हे माझे शब्द.

कमिटी आली तेव्हा अव्वा नवं इरकली लुगडं नेसून दारात उभी होती. ‘गार लागतंय घर, लई गार,’ असं पाहुण्यांना सांगत होती. मधूनमधून पदर तोंडाला लावायची. मला वाटलं, परक्या माणसांपुढं लाजते. त्यानंतर नऊ दिवसांनी तिला दवाखान्यात नेलं. बाकीचं तुला माहीत आहे. बक्षीस मिळालं, ते तुला कधी सांगितलं नाही.

काल धूर यायला लागला तसे अप्पा उठले, अव्वाच्या पेटीतून जुनी लुगडी काढली आणि जाळीच्या भोकांत एकेक बोळा कोंबायला लागले. हात सरावलेला होता. मी विचारलं, हे काय? म्हणाले, ‘गेल्या साली रोजचंच की हे. तू येणार म्हटल्यावर ती समदं काढून, घड्या घालून ठेवायची. म्हणायची, पोराचं घर वंगाळ दिसाय नको.’

कमिटी यायच्या दिवशीही, अप्पा म्हणाले, ती पहाटेपासून एकेक भोक मोकळं करत होती. त्या जाळीचा फोटो मासिकात छापून आला. मी तो ऑफिसात लावला होता. आज काढून आलो.

मी म्हणालो, अप्पा, मी अक्काला खरं सांगतो. ते एकदम तापले. ‘गप ऱ्हा. बापावर रुसलेली लेक कवा तरी येती. न्हाय आली तरी बाप हाय किती दिवस? माझ्यामागं तिचं माहेर म्हंजे तू. तुझ्यावर रुसली, तर पोरीनं जायाचं कुठं?’ आणि मला गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घ्यायला लावली.

ती शपथ मी आज मोडली. एवढं मोठं ओझं त्यांनी माझ्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी उचललं, आणि मी ते दहा महिने उचलू दिलं. मला याची लाज वाटते.

पत्र मिळालं की फोन कर. त्यांच्या फोनवर, माझ्या नाही. त्यांना काय बोलावं ते सुचणार नाही, म्हशीचंच सांगत बसतील, तू ऐक. मग हळूच विचारतील, ‘शशीवर रागावली न्हाईस न्हवं?’ त्याला नाही म्हण. तेवढं एक खोटं त्यांच्यासाठी बोल.

मला मात्र खरं तेच कळव.

तुझा,
शशी