सातवा दिवा आणि पुरवणी

तीर्थस्वरूप दादास,

“आधी मांडलेला डाव संपव, मग नवा माग,” असं तू मला जिन्यात बसून म्हणाला होतास. मी सात वर्षांची होते आणि हरायला लागल्यावर पट उधळून मोकळी झाले होते. तू सगळ्या सोंगट्या वेचून जिथल्या तिथे परत मांडल्यास (माझ्या दोन घरं पुढेच). ते वाक्य आज माझ्या आड आलंय, म्हणून हे पत्र. नमस्कार वाकून केलाय असं धर, कंबर सध्या ऐकत नाही. तुझा गुडघा काय म्हणतो?

तर मी व्हिडिओ गेम खेळते. लेक शिकायला बाहेर गेली आणि तिचं यंत्र माझ्या गळ्यात पडलं. गेममध्ये एका बेटाभोवती सात दीपगृहं विझलेली आहेत, बोटीनं जाऊन ती पेटवायची. सहा पेटवली. सातव्याच्या अलीकडे खडक आहेत आणि तिथे माझी बोट फुटते. अकरा वेळा फुटली. परवा दुकानात चष्म्याची भिंगं बसवतानाही डोक्यात तेच खडक, त्यामुळे एका मास्तरांचं डावं भिंग उजवीकडे गेलं. तासाभरात ते भिंत धरधरून परत आले. “बाई, रस्ता चढाचा दिसतोय,” म्हणाले. (आमच्या दुकानासमोरचा रस्ता मुळात चढाचाच आहे, त्यामुळे मालकांना पाच मिनिटं तक्रारच कळेना.)

आता त्या गेमचं एक्स्पान्शन आलंय. मी त्याला पुरवणी म्हणते. परीक्षेत मूळ उत्तरपत्रिका अर्धी कोरी असताना ऐटीत पुरवणी मागणारी मीच, हे तुला आठवत असेल. पण दादा, काय पुरवणी आहे. उत्तरेचा अख्खा समुद्र, धुकं, देवमासे, आणि दोघांची बोट. एकानं शीड सांभाळायचं, दुसऱ्यानं सुकाणू, आणि ती दोन माणसं दोन गावांत आपापल्या घरी बसलेली असली तरी चालतं. मी गेमच्या दुकानात गेले तर दाढीवाला विक्रेता म्हणाला, “मुलासाठी का, काकू?” माझ्यासाठी म्हटल्यावर तो खुर्चीवरून उठून उभाच राहिला. मूळ खेळ संपला नसला तरी पुरवणी चालते म्हणाला. एकटं खेळणार असाल तर मात्र मूळ खेळ पुरे, उगीच घेऊ नका, असंही म्हणाला. घरी ह्यांचं मत असं, की गॅलरीतली रोपं वाळली आणि बाई बेटावर उजेड पाडतायत.

म्हणजे अडवणारं फक्त तुझं वाक्य उरलं. पुरवणी घेऊ, की मूळ खेळावरच समाधान मानू? तू आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्यास. अर्ध्यात अडकलेल्यांना काय सांगायचं ते तुला ठाऊक.

तुझी,
धाकटी

ता. क. पुरवणी कालच घेतली. परत घेत नाहीत.

ता. ता. क. बोटीचंही खरं सांगते. शेवटच्या चार वेळा मी ती मुद्दाम खडकावर घातली. सातवा दिवा लागला की खेळ संपतो, आणि मला तो संपायला नको होता.

ता. ता. ता. क. वहिनी फोनवर म्हणाली, रिटायर झाल्यापासून तू दिवसभर खिडकीत बसतोस आणि विचारलं तर “काही नाही” म्हणतोस. सोबतच्या खोक्यात तुझ्यासाठी दुसरं यंत्र, मूळ खेळ आणि तुझी पुरवणी आहे. जोडायचं कसं ते वहिनीला शिकवून ठेवलंय. “हे पोरांचे खेळ,” असं तू म्हणणार आणि खोकं माळ्यावर टाकणार, हे मला माहीत आहे. तरी रविवारी चार वाजता सुकाणूवर ये. नाही म्हणायचंच असेल, तर बोटीत बसून म्हण.