टीव्हीच्या डब्यात अडकलेली तुझी मुलाखत

सोनागिरी, भोपाळ
रविवार, सकाळ

प्रिय कुमुद,

तुझं वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं आहे आणि मला तुझा भयंकर राग आला आहे. हे कोणाला सांगता येत नाही. गेलेल्या माणसावर कोण रागावतं? लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. म्हणून तुलाच लिहितो आहे. जिची तक्रार, तिच्याकडेच.

सुरुवात मंगलाताईंनी केली, तुझ्या महिला मंडळाच्या. सोमवारी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, कुमुदची ती टीव्हीवरची मुलाखत आहे ना तुमच्याकडे? वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मंडळात सगळ्यांना दाखवू. तिच्या वर्गातली मुलं येतील, त्यांचे आईबाप येतील. शेवटी मुलांचं गाणं आहे ना त्यात!"

मी म्हटलं, आहे. डब्यात आहे. जाते कुठे?

तीन वर्षं हेच म्हणत आलो ना मी! तुला आठवतं का, मुंबईहून त्या मराठी वाहिनीची माणसं आली होती, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लोकांवर कार्यक्रम करायला? आपल्या व्हरांड्यात तू दर रविवारी इथल्या मराठी मुलांना मराठी लिहाय-वाचायला शिकवायचीस, त्याची त्यांना कुठून तरी खबर लागली होती. अर्धा तास तू टीव्हीवर! आपल्या रोहितने पुण्याहून पाठवलेल्या त्या रेकॉर्डिंगच्या डब्यात तू तो कार्यक्रम भरून ठेवलास.

मी तो पाहिला नाही. का पाहिला नाही, ते तुला चांगलं माहीत आहे.

कार्यक्रम लागला तेव्हा मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे रांगेत होतो. परत आलो तर फाटकातच शेजारचे कुलकर्णी उभे. "काय हो पहिले विद्यार्थी! आज गृहपाठ झाला का?" मला काही कळेना. मग कळलं. तू साऱ्या जगाला सांगून टाकलंस, की तुझा पहिला विद्यार्थी तुझा नवरा! आठवी पास! त्या दिवाळीत ज्याच्याकडे फराळाला गेलो त्याने मला हेच ऐकवलं. कारखान्यात छत्तीस वर्षं ट्रान्सफॉर्मरची वेटोळी गुंडाळली, एक नग माघारी आला नाही. त्याचं कोणाला काही नाही. मी झालो पहिला विद्यार्थी!

तू म्हणायचीस, "अहो, एकदा बघा ना. सगळं बघा. लोक अर्धंच सांगतात."

मी म्हणायचो, "मला माझी फजिती पुन्हा बघायची नाही."

किती वेळा म्हणालीस? चार वेळा? दहा वेळा? मग म्हणणं सोडून दिलंस. का सोडलंस? वीस मुलांना नुसत्या डोळ्यांनी गप्प बसवणारी बाई तू. मला एकट्याला हात धरून टीव्हीसमोर बसवता आलं नाही? आणि ताप आला तेव्हाही तेच. "काही नाही, कणकण आहे." तीन दिवसांत गेलीस. तुझं महत्त्वाचं बोलणं नेहमी तुझ्या पोटातच!

असो. सोमवारी मंगलाताई गेल्यावर मी वर्षभर बंद असलेला तो डबा लावला. आतून करकर आवाज. पडद्यावर यादी आली. तुझ्या मालिकांचे शेदीडशे भाग आणि सगळ्यांत खाली मुलाखत, पुसली जाऊ नये म्हणून कुलपाची खूण लावलेली. मी बटण दाबणार तेवढ्यात पडदा निळा झाला आणि डबा आपोआप बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. सहा-सात मिनिटांच्या वर दम धरेना. मी गॅस बंद आहे का ते दोनदा बघून आलो. गॅसचा काय संबंध? काही नाही.

कंपनीला फोन लावला. पोरगी म्हणाली, "अंकल, नया बॉक्स लगवा देंगे, पुराना वापस जाएगा."

"और उसमें जो भरा हुआ है?"

"रिकॉर्डिंग उसी बॉक्स में चलती है अंकल. नए में नहीं आएगी."

मी तिच्यावर असा ओरडलो की शेजारची खिडकी उघडली. ती बिचारी शेवटी म्हणते, "और कोई सहायता, अंकल?" रोहितने वाहिनीला दोनदा मेल पाठवला, उत्तर नाही. इंटरनेटवरही तो कार्यक्रम कुठे नाही. म्हणजे जगात तुझा बोलता आवाज फक्त त्या एका करकरणाऱ्या डब्यात! आपण कधी तुझा आवाज कुठे धरून ठेवला? फोटो काढताना तर तू पदर पुढे करायचीस.

मग रफीक मियांना बोलावलं. कारखान्यात ते विजेच्या खात्यात होते, तुला माहीतच आहे, तुझ्या हातच्या पुरणपोळीवर जीव टाकणारे. शुक्रवारी सकाळी पेचकस-पक्कड घेऊन आले. टीव्हीखाली बघून भोपाळी थाटात म्हणाले, "को खां भास्कर भाई, ये डिब्बा है के तंदूर? ऊपर से भाभी ने रज़ाई और उढ़ा रखी है!"

तुझा विणलेला रुमाल! निळ्या काठाचा! घरातली प्रत्येक वस्तू तू झाकायचीस. फ्रिज झाकलेला, मिक्सर झाकलेला, रेडिओला तर झबलं शिवलं होतंस. डब्याच्या वरच्या भोकांतून गरम हवा बाहेर जायची असते म्हणे, आणि त्यावर तू दुहेरी विणीचा रुमाल घालून वर फुलदाणी ठेवलीस. दोन वर्षं तो आतल्या आत शिजला! मी रफीक मियांना म्हटलं, बघा, बाईंनी स्वतःची मुलाखत स्वतःच भाजली.

ते म्हणाले, "और ये बताओ, बंद कैसे करते थे? रिमोट से?"

"रिमोट से क्यों? दीवार का बटन बंद करता था. रोज़. तीन बार देख के."

त्यांनी कपाळावर हात मारला. चालत्या डब्याची वीज एकदम तोडली की आतली चकती, ती हार्ड डिस्क, खराब होते, म्हणाले. "आधा भाभी ने मारा, आधा आपने. मियां-बीवी हो तो ऐसे!"

मी हसलो नाही.

आतली चकती काढून उपयोग नव्हता, ती दुसरीकडे वाचताच येत नाही. एकच मार्ग होता. डबा टीव्हीवर मुलाखत दाखवेल तेव्हा त्याच्या तारा एका छोट्या डबीतून रफीक मियांच्या कंप्युटरला जोडायच्या आणि जे दिसतं ते तिकडे भरून घ्यायचं. सहा मिनिटं चालवायचा, तापून बंद पडला की झाकण काढून टेबलफॅनसमोर थंड करायचा, पुन्हा तिथूनच पुढे. तुकड्या-तुकड्यांनी.

"मराठी आप समझो, तार हम समझेंगे," ते म्हणाले. "हर टुकड़े का आख़िरी जुमला लिख लो, नहीं तो जोड़ेंगे कैसे?"

प्रत्येक तुकड्याचं शेवटचं वाक्य! म्हणजे बघ माझी गत! मी टीव्हीसमोर पाटावर वही घेऊन बसलो, आणि तू बोलतेस ते लिहितो आहे. लग्नानंतर कारखान्याच्या पिपलानीतल्या क्वार्टरमध्ये हेच व्हायचं. दुपारपाळीला जाण्याआधी तू पोळ्या लाटता लाटता शुद्धलेखन घालायचीस आणि मी ओट्याखाली बसून लिहायचो. माझी शाळा हिंदीतली, तीही आठवीपर्यंत. घरात मराठी बोलायचो, पण लिहायला बसलो की हिंदी बाहेर पडायची.

पहिल्या तुकड्यात तू उज्जैनचं माहेर सांगितलंस. पांढऱ्या साडीवरचे हिरवे ठिपके दिसत होते. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात वर्ग, फळा, एका मुलीचं वाचन. तुझा आवाज वर्षानंतर घरात आला आणि रफीक मियांनी आदराने डोक्यावर रुमाल घेतला. मला मात्र संताप येत होता. इतक्या छान हसतेस तू त्या मुंबईच्या मुलीशी!

चौथ्या तुकड्यात ती मुलगी विचारते, "हे सगळं सुरू कसं झालं?" तू म्हणतेस, "आमच्या ह्यांच्यापासून. हेच माझे पहिले विद्यार्थी. आठवी झालेले. पण त्याचं काय झालं…"

आणि डबा बंद! पडद्यावर तू, तोंड अर्धं उघडं.

रफीक मियांनी डब्याला कान लावला. चेहरा उतरला त्यांचा. "अब एक बार और चलेगा. शायद तीन-चार मिनट. सोच लो, कहां से चलाना है."

मुलाखतीची आठ मिनिटं उरली होती. सगळी येणार नव्हती. मंडळाला हवं होतं शेवटचं गाणं. बारा मुलं, तू मध्ये उभी, हाताने ताल देतेस. मंगलाताईंनी सांगून ठेवलं होतं. शहाण्या माणसाने काय केलं असतं? गाणं वाचवलं असतं. त्या मुलांनी आपल्या बाईंसाठी ते पुन्हा पाहिलं असतं. आणि माझी फजिती? ती गेली असती तर बरंच होतं ना!

रफीक मियां म्हणाले, "गाना लगा दूं?"

मी म्हटलं, "नहीं. वहीं से. जहां रुकी है वहीं से."

का म्हटलं? ठाऊक नाही. तीन वर्षं जे ऐकायचं नव्हतं ते अर्ध्यावर तुटलं आणि मला राहवेना.

डबा चालला. तू म्हणालीस:

"पण त्याचं काय झालं, मी पहिल्या बाळंतपणाला उज्जैनला गेले. तिथे ह्यांनी मला पत्र लिहिलं. चार पानं, मराठीतून, पहिल्यांदाच. आणि मी काय केलं असेल? लाल शाईने सगळ्या चुका काढल्या आणि ते पत्र त्यांना परत पाठवलं. मला वाटलं, खूश होतील. त्यानंतर ह्यांनी मला आजपर्यंत एक ओळ लिहिली नाही. वहीसुद्धा धरली नाही. पहिला विद्यार्थी मीच पळवून लावला. त्यांची काही चूक नव्हती. मला शिकवायची अक्कल नव्हती. म्हणून आता मी लाल शाई घरात ठेवत नाही. मुलांच्या वह्यांत आधी बरोबर आलेल्या शब्दांखाली रेघ मारते. ह्यांच्याशी हे बोलायचं राहून गेलं. आता इथे बोलले, म्हणजे ते बघतील."

मग ती मुलगी काहीतरी म्हणाली, आणि डबा गेला. कायमचा. रफीक मियांनी अजून तासभर खटपट केली, पण आतून आवाजसुद्धा येईना. गाणं गेलं.

कुमुद, तुला काय म्हणू मी? चाळीस वर्षांवर एकाच घरात राहिलो. एका बशीतल्या चहात खारी बुडवली. आणि मला सांगायची गोष्ट तू मुंबईच्या पोरीला सांगतेस? "ते बघतील!" मी बघणारा माणूस आहे का? पंचेचाळीस वर्षं पत्र न लिहिणारा माणूस मी! माझा आडमुठेपणा तुझ्याइतका कोणाला माहीत होता? स्वयंपाकघरातून एक हाक मारायची. "अहो, ते पत्राचं चुकलंच माझं." एवढंच. मी काय खाल्लं असतं तुला?

ते पत्र मी फाडलं होतं, हेही सांगून टाकतो. चार पानं लिहायला मला नऊ दिवस लागले होते. मुलगा झाला तर रोहित नाव ठेवू, हे त्यात लिहिलं होतं. तू 'रोहित'ची वेलांटीसुद्धा दुरुस्त केलीस. पाकीट उघडलं तेव्हा मी कारखान्याच्या फाटकावर होतो आणि चार जण खांद्यावरून बघत होते. लाज! मला वाटलं, ही मला नवरा समजत नाही, वही समजते.

आणि वही धरली नाही, हे तुझं चूक. रविवारी आत बसून पेपर वाचायचो तेव्हा माझं लक्ष व्हरांड्यातच असायचं. तुझ्या मुलांबरोबर मीही शिकलो. सोळा वर्षं! कारखान्याच्या जुन्या डायरीत लिहून बघायचो आणि कपाटावर टाकायचो. तेही मी तुला सांगितलं नाही. म्हणजे आपण दोघंही तसलेच. पण राग तुझा जास्त येतो, कारण तू पुढे गेलीस आणि मला आता भांडायला कोणी नाही.

काल रोहितला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मंडळात दाखवायचं आहे ना? ते पत्राचं कापून देऊ का? तुम्हाला अवघड वाटेल." चांगला मुलगा आहे. मीच त्याला म्हटलं होतं की कुलकर्णी पुन्हा सुरू होतील. पण तो कापू म्हणाला आणि मी त्याच्यावरही ओरडलो. एक अक्षर कापायचं नाही! त्या अक्षरांसाठी बारा मुलांचं गाणं घालवलं आहे मी.

तीन ठिकाणी भरून ठेवली आहे मुलाखत. एक देवघरात, एक कपाटात, एक रफीक मियांकडे. तरी रोज उठून बघतो, आहे ना म्हणून.

मंगलाताईंना गाण्याचं अजून सांगितलेलं नाही. धीर झाला नाही. त्या मुलांच्या आया विचारतील, त्यांना काय सांगू?

तर तुला वचन देतो. मंडळात तुझी मुलाखत जेवढी वाचली तेवढी पूर्ण दाखवेन, आठवी पाससकट, लाल शाईसकट. मी पुढच्या खुर्चीवर बसेन. कुलकर्णी हसले तर हसू देत. आणि जिथे तू थांबतेस तिथे मी उभा राहीन. चार माणसांसमोर मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे. तरी बोलेन. म्हणेन, मुलांनो, इथे तुमचं गाणं होतं. ते माझ्यामुळे गेलं. मला माझ्या बायकोचं पुढचं वाक्य ऐकायचं होतं.

अजून रागावलेला,
तुझा
भास्कर