दांड्यावरची पिशवी

तीर्थस्वरूप मामांना,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तितकंच वाकलो असं समजा.) मामींचा गुडघा कसा आहे? तुम्ही वेळेवर निवृत्त झालात ते फार बरं केलंत. तुमच्या वीज मंडळाचे तीन तुकडे झाले. एक कंपनी वीज तयार करते, दुसरी वाहून नेते, तिसरी घरोघर वाटते. ज्या उपकेंद्रात तुम्ही मला हाताला धरून काम शिकवलंत, त्या खोलीच्या मधोमध आता पिवळा पट्टा मारला आहे. मी वाहून नेणाऱ्यांत गेलो आणि तुमचा लाडका लाइनमन (ज्याला तुम्हीच उंट म्हणायचात) वाटणाऱ्यांत. पंखा आमच्या वाट्याला आला, त्याचं बटण त्यांच्या. म्हणजे वारा हवा असला की मी अर्ज लिहायचा, त्यावर जावक क्रमांक घालायचा, चार पावलं चालून उंटाला द्यायचा आणि त्याने पोच द्यायची. सही करताना तो इतका हसायचा की सही वाचता यायची नाही. पहिला महिना मजेत गेला, खोटं कशाला बोलू.

मग सुधारणा सल्लागार आले. त्यांचा फतवा असा, की एका कंपनीची वस्तू दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर दिसता कामा नये. आता तुमचीच पद्धत आठवा. खांबावर चढण्याआधी लाइनमनने आपली डब्याची पिशवी बंद केलेल्या स्विचच्या दांड्यावर अडकवायची. काम संपलं, भूक लागली की तोच येऊन काढणार, तोवर दांड्याला कुणी हात लावायचा नाही. इतकी वर्षं एकाही परिपत्रकाशिवाय माणसं घरी जेवायला परत गेली. (डबा उघडेपर्यंत भाजी थंड व्हायची, एवढीच काय ती तक्रार.) गेल्या बुधवारी सल्लागार पाहणीला येणार होते. उंट पिशवी अडकवून कामावर गेला, आणि कुणीतरी ती काढून पट्ट्यापलीकडे नीट ठेवून दिली. दुपारपाळीचा ऑपरेटर आला. दांडा रिकामा, लोकांचे फोन खणखणत होते. त्याने लाइन सुरू केली.

उंट वाचला. दोन्ही हात भाजले, उजव्याची दोन बोटं गेली. दुपारपाळीवाला निलंबित आहे. सल्लागारांच्या अहवालात निष्कर्ष आहे, की पट्टा पुरेसा ठळक नव्हता, त्यामुळे तो पुन्हा रंगवायला घेतलाय. रंगाच्या वासाने डोकं उठलंय. मामा, मला त्या खोलीत बसवत नाही. सगळा दोष ह्या तुकडे पाडणाऱ्यांचा आहे, एवढं मी कुणालाही ठासून सांगेन.

तुमचा,
भाचा

ता. क. पिशवी मी काढली. सल्लागार साहेबांची गाडी फाटकात शिरली आणि माझी पाचावर धारण बसली. वाटलं, पाहणी झाली की परत अडकवू. मग वही घेऊन त्यांच्या मागे मागे हिंडलो आणि विसरलो. चौकशीत ‘काही पाहिलं नाही’ असं लिहून दिलं. मंगळवारी जबाब बदलायला जायचं ठरवलंय, पण एकट्याने पाय उचलवणार नाही. याल का?

आणखी एक. उंटाला अजून माहीत नाही. हात बांधलेले, म्हणून दुपारचं मीच भरवतो. काल म्हणाला, “तू आहेस म्हणून दोन घास जातात रे.”